लॅब्रॅडॉरचे पिल्लू घरी येण्याआधी काय घ्यावे आणि काय घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाकडे आठवड्याभरात दोन महिन्यांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू येणार आहे. घरात नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. दुकानदाराने २७ वस्तूंची, सुमारे १८,००० रुपयांची यादी हातात दिली आहे. त्यातले खरोखर काय लागेल, आणि शेजारणीचे पिल्लू चार महिन्यांपूर्वी रक्ताच्या हगवणीने गेले, त्याचे सामान त्या देऊ करत आहेत तर ते वापरावे का, असे विचारले आहे.

तुमची यादी मी दोनदा वाचली. तिच्यातल्या आठ-नऊ वस्तू पहिल्याच दिवशी लागतील, पाच-सहा वस्तू तीन-चार महिन्यांनी लागतील, आणि उरलेल्या बहुतेक वस्तूंची गरज पिल्लाला नसून दुकानदाराला आहे. पुण्यात बावीस वर्षे कुत्र्या-मांजरांवर उपचार करताना मी एक गोष्ट सतत पाहत आलो आहे: घरी तीन प्रकारच्या गाद्या आणि वाढदिवसाची टोपीसुद्धा असते, पण जंतनाशकाचा दुसरा डोस राहून गेलेला असतो. म्हणून सामानाची यादी करताना पहिल्या ओळीवर लसीकरण, जंतनाशक आणि गोचिडांचे औषध या तिन्हींचा वर्षभराचा खर्च लिहावा, आणि मग जे पैसे उरतील त्यात वस्तू बसवाव्यात. एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, त्यामुळे 'दोन महिन्यांचे' म्हणून दिलेले पिल्लू खरोखर तेवढे आहे ना, हे जन्मतारीख विचारून पाहावे.

आता गळ्यातल्या पट्ट्याकडे येतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. तुमच्या यादीत चामड्याचा रुंद पट्टा, लोखंडी साखळी आणि ओढली की आवळणारी गळफासाची साखळी अशा तीन गोष्टी आहेत. तिन्ही खोडा. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाच्या मानेचा घेर इतक्या वेगाने वाढतो की महागडा चामड्याचा पट्टा दोन महिन्यांत निकामी होतो, शिवाय पावसाळ्यात तो भिजून कुजतो आणि त्याखाली कातडी लाल होते. बोटभर रुंदीचा, मागेपुढे करता येणारा, प्लॅस्टिकच्या खटक्याचा साधा नायलॉनचा पट्टा घ्यावा. बांधल्यावर पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, आणि ही दोन बोटांची तपासणी दर रविवारी करावी. पट्टा केसांखाली रुतून मानेभोवती जखम झालेली कुत्री माझ्या टेबलावर आली आहेत, आणि प्रत्येक वेळी घरच्यांचे म्हणणे एकच असते: बांधला तेव्हा सैल होता.

फिरायला नेण्यासाठी पाच-सहा फुटांची, हाताला न कापणारी सपाट दोरी पुरेशी आहे. बटण दाबल्यावर लांब होत जाणारी, डबीत गुंडाळलेली दोरी दहा वर्षांच्या मुलीच्या हातात तर मुळीच देऊ नये, कारण ती बारीक दोरी बोटांभोवती किंवा पायांभोवती गुंडाळली गेली की कापते, आणि रस्त्यावर मोटारसायकल आडवी आली तर वीस फूट पुढे गेलेले कुत्रे वेळेत मागे खेचता येत नाही. लोखंडी साखळीबद्दल बोलायचे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने बांधून ठेवणे हा क्रूरतेचा प्रकार म्हणून सांगितला आहे, आणि सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हादेखील. छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, लॅब्रॅडॉरला पाचव्या-सहाव्या महिन्यात लागेल, कारण तोवर त्याच्या अंगात ओढण्याची ताकद येते. ज्याची दोरी अडकवायची कडी छातीवर समोरच्या बाजूला असते तो घ्यावा. त्यात कुत्र्याने जोर लावला की त्याचे अंग आपोआप आपल्याकडे वळते. तो आज विकत घेऊ नका, कारण आजचे माप तेव्हा उपयोगी पडणार नाही. पग किंवा पॉमेरेनियन आणत असता तर मात्र मी हार्नेस पहिल्या दिवसापासून घ्यायला सांगितले असते, कारण या जातींची श्वासनलिका आणि श्वासमार्ग नाजूक असतात.

जातीप्रमाणे सामान कसे बदलते याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे मराठवाड्यातले कारवानी कुत्रे. त्याचे डोके मानेपेक्षा अरुंद असते, त्यामुळे साधा पट्टा कानांवरून अलगद निसटतो आणि कुत्रे ससा दिसल्यासारखे पळत सुटते. त्याला रुंद आणि मर्यादेतच आवळणारा पट्टा लागतो. अंगावर चरबी नसल्याने त्याला जाड अंथरूणही लागते, नाहीतर कोपरांवर घट्टे पडतात. हे विषयांतर एवढ्यासाठीच की दुकानातली यादी सगळ्यांना सारखी असते, कुत्री सारखी नसतात.

पट्ट्याला तुमचा फोन नंबर कोरलेला धातूचा बिल्ला मात्र पहिल्या दिवशीच लावा. नाव कोरले नाही तरी चालेल, नंबर हवा. दिवाळीच्या चार दिवसांत फटाक्यांना घाबरून पळालेली जितकी कुत्री आमच्याकडे आणली जातात, त्यांतल्या बिल्ला असलेल्यांची घरे तासाभरात सापडतात. लसींच्या वेळी कातडीखाली मायक्रोचिपही बसवून घेता येते, पण ती वाचायला यंत्र लागते आणि रस्त्यात कुत्रे सापडलेल्या माणसाजवळ ते नसते, म्हणून बिल्ल्याला ती पर्याय ठरत नाही.

खाण्यापिण्यासाठी स्टीलची दोन पसरट, बुडाला रबर असलेली भांडी घ्यावीत. रबर नसेल तर भांड्यांच्या दुकानातले जड बुडाचे तसराळे तेवढेच चांगले. प्लॅस्टिकची भांडी पिल्लू कुरतडते, आणि ओरखड्यांत अन्नाचा चिकटा साचून जंतू वाढतात. पाण्याचे भांडे किमान दोन लिटरचे असावे, कारण तीस किलोंचे कुत्रे साधारण दिवसात दीड-दोन लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. भांड्यासाठी उंच स्टँडची गरज नाही. त्याने पोटाला पीळ पडत नाही असे दुकानात सांगतात, पण त्या म्हणण्याला भक्कम आधार नाही. सासूबाईंना स्वयंपाकघरात अंड्या-मांसाचे भांडे नको असेल तर पिल्लाची भांडी आणि ती घासायची घासणी सुरुवातीपासून वेगळी ठेवा. ही लहानशी सोय केली की घरातले निम्मे वाद मिटतात, असा अनुभव आहे.

अन्नाबाबत पहिली सूचना अशी की पिल्लू आज जिथे आहे तिथे काय खात आहे ते विचारून घ्या आणि पहिला आठवडा तेच चालू ठेवा. बदल करायचा असेल तर सात दिवसांत थोडे थोडे करून करा. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेले कोरडे खाद्य निवडा आणि ते बंद पिशवीतच घ्या. वीस किलोंचे पोते उघडून त्यातून सुटे तोलून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण उघड्या पोत्यातल्या खाद्याची चरबी खवट होते आणि त्यावर तारीखही उरत नाही. घरी आणलेली पिशवी तशीच पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

तुमच्या यादीत कॅल्शियमच्या औषधाच्या दोन बाटल्या आहेत, आणि मला सर्वांत जास्त हरकत त्यांनाच आहे. पिल्लांच्या तयार खाद्यात कॅल्शियम योग्य प्रमाणात असते. त्यावर आणखी पाजले तर मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम बाहेर ठेवणे नीट जमत नाही. याच्या उलट बाजूही आहे. केवळ दूध-पोळी, दूध-भात किंवा नुसत्या मटणावर वाढवलेल्या पिल्लांमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा तोल ढळतो, पुढचे पाय वाकतात, कधीकधी उडी मारताना हाड मोडते. घरचेच अन्न द्यायचे असेल तर ते वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्यावे लागेल. पोळीचा तुकडा आवडीने खाल्ला म्हणून बिघडत नाही, पण पोळी हे त्याचे जेवण होऊ शकत नाही.

झोपण्यासाठी गादी विकत घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लू ती फाडणार आहे, तीवर शू करणार आहे, आणि तिच्यातला कापूस गिळला तर तो बाहेर काढायला माझ्याकडे येणार आहे. जुनी सुती गोधडी चार घड्या करून टाका; ती धुता येते, उन्हात वाळते, आणि एक फाटली तर दुसरी मिळते. सुटे धागे निघणारी गोणपाटे टाळा, कारण लांब धागा गिळला गेला तर आतडी त्यावर चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि कापली जातात. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर वाढत्या पिल्लाचे मागचे पाय फाकतात, म्हणून ते जिथे धावते-खेळते त्या पट्ट्यात रबरी चटई किंवा घट्ट बसणारी सतरंजी अंथरा. बाल्कनीच्या गजांमधली फट तुमच्या मुठीपेक्षा मोठी असेल तर पिल्लू येण्याआधी खालपासून हातभर उंचीची जाळी बांधून घ्या. हे काम यादीत नाही, पण तिसऱ्या मजल्यावर ते गादीच्या आधी येते.

क्रेट, म्हणजे दाराचा जाळीदार पिंजरा, घ्यावा का, यावर मतभेद आहेत. सासूबाईंना 'पिंजरा' हा शब्दच खटकेल. माझे मत असे की रात्रीसाठी, मोटारीच्या प्रवासासाठी आणि शी-शूची सवय लावताना तो फार उपयोगी पडतो, परंतु शिक्षा म्हणून किंवा दिवसभर कोंडण्यासाठी वापरायचा असेल तर न घेतलेला बरा. घ्यायचाच तर पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडॉरला आत उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढा घ्यावा आणि मधली फळी सरकवून सध्यापुरता लहान करावा. तेवढा खर्च नको असेल तर स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी असते तसले अडसराचे फाटक लावून भागते.

खेळण्यांपेक्षा आधी दातांकडे पाहा. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात ते घरातले सगळे चावणार आहे, चप्पल आधी. ठोस रबराची दोन खेळणी आणि एक चेंडू पुरे, मात्र चेंडू असा हवा की तो अख्खा तोंडात मावणार नाही. कोणतेही चावण्याचे खेळणे घेताना त्यावर नख दाबा. नखाची जराही खूण उठत नसेल तर ते दातांसाठी फार कडक आहे. खूर, शिंगे आणि शिजवलेली हाडे याच कारणाने टाळावीत. हाड शिजल्यावर त्याच्या टोकदार चिपा निघतात. ओला सुती रुमाल गाठ मारून फ्रीजरमध्ये गोठवला आणि तुमच्या देखत चावू दिला तर ठणकणाऱ्या हिरड्यांना तेवढ्याने आराम मिळतो.

याच ओघात एक वस्तू सांगतो, जी कोणत्याही दुकानदाराच्या यादीत नसते: झाकणाचा, पायाने उघडणारा, जड कचऱ्याचा डबा. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये एक वर्षाची लॅब्रॅडॉर मादी आणली गेली. तीन दिवस उलट्या होत होत्या, घरच्यांना वाटले ऊन बाधले. पोटावरून हात फिरवताना आतड्यात काहीतरी टणक, अंड्याच्या आकाराचे बोटांखालून सरकले. शस्त्रक्रियेत निघाली ती आंब्याची कोय, तिचे तंतू आतड्याच्या अस्तराला चिकटलेले आणि वरचा आतड्याचा भाग काळानिळा पडलेला. आमरसाच्या दिवशी ओट्याखालच्या उघड्या बादलीतून तिने ती गिळली होती. ती वाचली, पण त्या शस्त्रक्रियेचा खर्च तुमच्या १८,००० रुपयांच्या यादीपेक्षा अधिक झाला. उन्हाळ्यात कोय आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसाची दांडी, हे दोन प्रकार दरवर्षी येतात, आणि त्यांत लॅब्रॅडॉर आघाडीवर असतात.

शी-शूसाठी पहिल्या दोन महिन्यांत जुनी वर्तमानपत्रे आणि बाथरूमचा किंवा मोरीचा एक ठरलेला कोपरा पुरेसा आहे. विकतचे शोषक पॅड सोयीचे असतात, पण ते फाडून खाणारी पिल्ले असतात. फिनाईलने पुसलेली फरशी पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला तिच्यावर सोडू नका, कारण ते नंतर पंजे चाटते.

अंघोळीची घाई नको. लशींचे पहिले डोस होईपर्यंत ओल्या फडक्याने पुसणे चालते. माणसांचा किंवा बाळांचा शांपू वापरू नये. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते आणि आपल्या साबणांनी ती कोरडी पडून खाज सुटते. कुत्र्यांचा साधा, वास नसलेला शांपू महिन्यातून एकदा पुरतो. टॉवेलऐवजी सुती पंचा घ्या, तो पाणी लवकर टिपतो. लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, त्यातला आतला थर वर्षभर गळतो आणि सोफ्यावर दिसतो, म्हणून रबरी दातांचा हातात बसणारा ब्रश आज घ्यावा. उन्हाळ्यात केस भादरू नयेत. नखे कापायचे कात्रीसारखे हत्यार घ्या आणि पहिल्यांदा कापताना डॉक्टरांकडून शिकून घ्या, कारण नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर असलेले नख जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही आणि वळून मांसात रुतते. ते न विसरता पाहावे. कानात कापसाच्या काड्या घालू नयेत.

गोचिडांबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. आपल्या हवामानात ते बाराही महिने असतात, आणि त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याच्या रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) आणि तांबड्या पेशी कमी करून जिवावर बेतू शकतो. कुत्र्यावर दिसणारा गोचीड हा साऱ्यांतला थोडा भाग असतो. पोट भरल्यावर मादी खाली उतरते आणि फरशीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे शेकडो-हजारो अंडी घालते. म्हणून गोचीड-पट्टा, पावडर आणि सुगंधी फवारा अशा तीन वस्तूंवर खर्च करण्याऐवजी पिल्लाचे वय आणि वजन पाहून डॉक्टरांनी लिहून दिलेले एकच औषध, मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी, वेळापत्रकाने द्या आणि घरातल्या फटी साफ करा. गोठ्यात जनावरांसाठी वापरतात ते औषध अंदाजाने पाण्यात मिसळून पिल्लाला चोपडू नका. तोंडातून लाळ गळत, थरथरत आलेली अशी पिल्ले मी दरवर्षी पाहतो. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांच्या कडा आणि पट्ट्याखालची मान चाचपण्याचे काम मुलीला द्या. मुलांचे डोळे आणि बोटे यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात.

औषधांच्या डब्यात डिजिटल थर्मामीटर, सलाईनची छोटी बाटली, पोव्हिडोन आयोडीन, जाळीदार पट्टी, क्रेप बँडेज आणि गोचीड उपटायचा चिमटा ठेवा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान गुदद्वारात मोजल्यास १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते त्याला ताप नसते. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारखी घरातली वेदनाशामके त्या डब्यात ठेवूच नयेत, म्हणजे घाईत कोणी देणार नाही. कपडे, बूट, अत्तर, चष्मा, केकचे मिश्रण आणि माणसांची टूथपेस्ट या ओळी सरळ खोडा. रेनकोटवर मी वाद घालणार नाही, हौस म्हणून घ्या; लॅब्रॅडॉर त्यातूनही भिजूनच येईल. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात झाली की तिचे प्रमाणपत्र जपून ठेवा, महापालिकेचा परवाना काढताना ते लागते.

आता शेजाऱ्यांच्या सामानाचा प्रश्न, ज्याचे उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. लहान पिल्लू रक्ताच्या हगवणीने गेले असेल तर तो पार्व्हो होता असे धरूनच चालावे. हा विषाणू घरात कित्येक महिने, सावलीच्या ओलसर जागी वर्षभरसुद्धा तग धरतो, आणि साधे फिनाईल किंवा साबण त्याला मारत नाही. त्यामुळे गादी, पांघरूण, कापडी खेळणी, चामड्याचा पट्टा, लाकडी काहीही घेऊ नका, धुऊनसुद्धा नाही. स्टीलची भांडी आणि क्रेट तेवढे घेता येतील. आधी साबणाने घासून सगळा मळ काढा, कारण मळ असेपर्यंत ब्लीच काम करत नाही, मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असे ताजे द्रावण त्यावर किमान दहा मिनिटे ओले राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नका. पार्व्होविरुद्धची लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत द्यावी लागते. तो शेवटचा डोस होऊन दोन आठवडे उलटेपर्यंत पिल्लाला शेजाऱ्यांच्या घरी नेऊ नका, आणि तुम्ही जाऊन आलात तर चपला दाराबाहेर काढून हात-पाय धुऊनच त्याला उचला. शेजारीण एवढ्या प्रेमाने सामान देत असताना नाही म्हणणे अवघड वाटेल हे खरे आहे, पण खरे कारण सांगा. त्यांनी ते चार दिवस पाहिले आहेत, त्यांना जास्त समजावावे लागणार नाही.